व्हाळावरचा तिघांचा पूल

२२ एप्रिल १९६२, रविवार
वाडीच्या व्हाळावर, म्हणजे आमच्या ओढ्यावर, पक्का पूल बांधण्याचं काम आजपासून मी अंगावर घेतलं आहे. घरं अलीकडे, शेतं सगळी पलीकडे. दर वर्षी पावसाआधी घरटी एक माणूस जमतो, बांबू-वासे रानवेलांनी आवळून साकव बांधतो, आणि दिवाळीपर्यंत तो कुजून जातो. किती वर्षं हे माकडखेळ?
माझी स्कीम साधी. लाकूड फॉरेस्टने द्यावं, लोखंडी दोर आणि सिमेंट तालुक्याच्या बोर्डाने, माणसं पंचायतीने. तिघांनी मिळून एक पूल. हे आजवर कुणाला सुचलं नाही! वाडीत डोकी कमी, तोंडं फार.

२८ एप्रिल, शनिवार
मधाची बाटली घेऊन रेंजरसाहेबांना भेटलो. म्हणाले, बोर्डाची मंजुरी आणा, लाकूड देतो. बोर्डात गेलो. तिथले ओव्हरसीयर म्हणाले, फॉरेस्टचं लाकूड जागेवर पडू दे, दोर लगेच. राज्य कानडी, तेव्हा अर्ज मात्र कानडीत हवा. पंचायतीचे चेअरमन मारुतीराव म्हणाले, त्या दोघांचं होऊ दे, माणसं माझी.
म्हणजे तिन्ही ठिकाणी होकार! तिघांचा एकमेकांवर इतका भरवसा मी सख्ख्या भावांतही पाहिला नाही.
घरी सांगितलं. रुक्मिणी म्हणाली, "अवो, तिघंबी दुसऱ्याच्या चुलीकडं बोट दावत्यात. भाकरी कोन थापनार?" बायकांना कारभारातलं कळत नाही. मधाची बाटली कुठे गेली म्हणूनही विचारलं. मी अर्जासाठी कागद शोधायला लागलो.

९ मे, बुधवार
ओव्हरसीयरसाहेब बोलता बोलता म्हणाले, जागेवर आधीच काही सोय असली तर नवा पूल नियमात बसत नाही. माझ्या डोक्यात उजेड पडला. पुलाचा खरा वैरी साकव!
संध्याकाळी देवळात मंडळी जमवली. यंदा साकव बांधायचा नाही, सांगून टाकलं. साकव बांधण्यात झिलू पुढे असतो, तो ताडकन उठला. "मामा, सरकारचा पूल यील तवा यील. पाऊस तुमच्या सायबाला इचारून पडतोय व्हय?" फुला विधवा बाई, जिभेला हाड नाही. म्हणाली, "माझं एकच शेत हाय, त्येबी पलीकडं. लावणी चुकली तर पोरास्नी तुमचा अर्ज शिजवून घालू?"
मी मोठ्या मनाने म्हटलं, लावणी चुकली तर माझ्या शेतातलं भात तुला. तर म्हणते, "तुमचं शेतबी पलीकडंच हाय न्हवं!"
बाईमाणसाने सभेत इतकं बारीक बोलू नये. शेवटी माझ्या वयाकडे बघून सगळ्यांनी माझा शब्द ठेवला. गेल्या सालचे उरलेले खांब मी स्वतः उपटले. कंबर धरली आहे. मोठ्या कामात धरायचीच.

१६ जून, शनिवार
व्हाळ तुडुंब. कालपासून पलीकडे कुणी गेलेलं नाही.
दुपारी ओव्हरसीयरसाहेब पाहणीला आले! पलीकडच्या काठावर, छत्री घेऊन. ओरडून म्हणाले, इकडून तिकडे येऊ कसा? मी ओरडलो, साहेब, तेच तर म्हणणं आहे आमचं! ते ओरडले, दोन्ही काठ बघितल्याशिवाय रिपोर्ट लिहिता येत नाही. आणि परत गेले.
फार चांगलं झालं. अडचण साहेबांनी जातीने अनुभवली. झिलू माझ्या मागे उभा राहून दात विचकत होता. मी लक्ष दिलं नाही.

२४ जून, रविवार
माणसांना मोठ्या कामाचा ताण सोसत नाही. तंबाखू मागितली तर चंची झाकतात. विहिरीवर रुक्मिणीला कुणी आधी पाणी काढू देत नाही. फुलाने अलीकडे घरामागे टाकलेला भाताचा तरवा उंच होऊन पिवळा पडत चालला आहे. रोपं जून झाली तर लावूनही भात धरत नाही, हे मलाही कळतं. ती रोज सकाळी आमच्या अंगणात उभी राहून माझ्या सात पिढ्यांना हाका मारते. मी आतून कडी लावून देवाचं नाव घेतो.
झिलू तरव्याची मोळी डोक्यावर बांधून पोहत निघाला होता. तो परत आला. मोळी व्हाळातून वाहत खालच्या काळी नदीला गेली.
उद्या रेंजरसाहेबांकडे जाणार होतो. पण तिकडे जायची वाटही पलीकडूनच.

२८ जून, गुरुवार
दगा! भर पावसात मंडळींनी साकव बांधला. मला न विचारता. घरटी एक माणूस रीतीप्रमाणे. आमच्या घरातून इरलं पांघरून रुक्मिणी गेली, आणि मंडळींनी तिला मोजलंही!
मी संतापून म्हटलं, घरचा माणूस मी आहे. ती चुलीवरचं आधण उतरवत म्हणाली, "घरात एकच शाणा मानूस लागतोय. त्यो गेला हुता."
मी बघायला गेलो नाही. जरासा गेलो. आधी फुलाच्या शेतात सगळी वाडी उतरली आहे. वाचला वाटतं तिचा तरवा. बरं वाटलं, पण दाखवलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

७ जुलै, शनिवार
ओव्हरसीयरसाहेब पुन्हा आले! आपल्या पायांनी आले, याचा अर्थ पूल त्यांच्या मनात बसला आहे.
साकवाच्या तोंडाशी येऊन थबकले. एक पाऊल टाकलं की दोन मागे घेत होते. आल्या पाहुण्याचे हाल मला बघवेनात. पलीकडे गेलो, हात धरला. म्हटलं, साहेब, भिऊ नका, आमच्या वाडीचं काम आहे, म्हैस गेली तरी हलायचा नाही. पूल पूल म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो?
सुखरूप आले. ओटीवर बसून दोन वेळा चहा घेतला, गुळाची तारीफ केली. तिथेच रिपोर्ट लिहिला आणि मला वाचून दाखवला. सध्याची सोय उत्तम व मजबूत, तसं ग्रामस्थांचंच म्हणणं. सबब नव्या पुलाची जरूर नाही. खाली सही मागितली.
साहेबांचा पेन फार छान चालतो. केली.
निघताना म्हणाले, पलीकडे सोडायला याल ना, तुमचा हात धरला की भीती वाटत नाही.
सोडून आलो. फुलाच्या बांधावर बाया भाकरी खात बसल्या होत्या. कुणी ‘या जेवायला’ म्हणालं नाही.