समई आणि मोरीची नळी

चांदा, मंगळवार, दिवेलागणीनंतर

वकीलसाहेबांच्या वाड्यातली मोरीच्या बिडाच्या नळीचा गळका सांधा आज बुजवला. वरच्या न्हाणीचं पाणी सांध्यातून झिरपून खालच्या देवघराची भिंत ओली करून राह्यलं होतं. जुना सांधा खरवडला, ताग कोंबला, शिसं वितळवून ओतलं, ठोकून बसवलं. वरून दोन बादल्या सोडून पाह्यल्या, थेंब नाई. देवाची भिंत वाचली. कोणी वाचवली?

वकिलीणबाईंनी लांबूनच माझ्या हातावर पाणी ओतलं. म्हणाल्या, "जोडीतली दुसरी समईही गळतेय, भाऊ. पण तुम्ही नका हात लावू आता. मोरीचं काम केलंत ना. दुसरं कोणी पाठवा."

मागच्या महिन्यात पह्यली समई मीच कथील लावून झाळली होती, त्यांच्या देवघरात बसून. तवा कपबशीत चहा दिला होता. हात तेच, मंग आज काऊन नाई?

"पाठवतो" म्हणालो. कोणाले पाठवू? समई झाळणारा इथी मी एकटाच.

धुमसतच घरी आलो. साबण लावून दोनदा आंघोळ केली. देवापुढं दिवा लावायले काडीपेटी उचलली, अन् तशीच बायकोच्या हाती दिली. "तू लाव."

तिनं काऊन म्हणून इचारलं पण नाई.