अतिशय वाढवा

सोमवार, ३ नोव्हेंबर
आलो एकदाचा सांगलीला! हवा छान, खोली स्वस्त. कंपनी माधवनगरात, जुन्या गिरणीच्या आवारात. कंपनी म्हणजे मालक भूपालअण्णा, श्रद्धा नावाची एक मुलगी आणि आता मी. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. मी तर पुण्याचा धडधाकट बैल.

काम पोरखेळ आहे. पलूसकडच्या अकराशे द्राक्षबागायतदारांच्या वेबसाइटमध्ये फीचर फ्लॅग बसवायचे. म्हणजे नवी सोय आधी शंभरातल्या पाच जणांना सुरू करायची, बरी चालली की टक्के वाढवायचे. अण्णांना हे समजावताना माझी जीभ कोरडी पडली. ते म्हणाले, "लय झ्याक. पन दोघांनी बघितल्याबिगर आकडा हालवायचा न्हाई." एकाने बदलायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा. स्वतः दोघं मिळून एक ओळ धड लिहीत नाहीत! चहा मात्र तिघांत चार कप. चौथा रिकाम्या खुर्चीपुढे.

सहा वाजता अण्णा ओरडले, "चला, वाढवा आता!" मला वाटलं जादा काम. श्रद्धा हसली. इथे 'बंद' म्हणत नाहीत म्हणे, अपशकुन होतो. जुनी माणसं दिव्याबद्दल असं बोलतात हे ठाऊक होतं. कम्प्युटर वाढवणारी पहिल्यांदाच पाहिली.

बुधवार, ५ नोव्हेंबर
आधीच्या कुणीतरी एक फ्लॅग लिहून ठेवलाय. नाव काय, तर 'अतिशय'! फ्लॅगला विशेषण चिकटवणारा दिव्यच असणार. ज्याला तो लागू होईल, त्याचं नाव आणि फोटो यादीतून दिसेनासे होतात. सध्या पाच टक्के. कुणी लिहिला विचारलं तर श्रद्धा चहा ओतायला उठली. चौथा कप आजही रिकामा झालेला. माशा पीत असतील.

चाचणीपुरते यादीत अण्णा, श्रद्धा आणि मीही आहोत. या दोघांची तोंडं दिसेनाशी झाली तर कामाला वेग येईल.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
अण्णा पलूसला गेलेत. तिथून मेसेज: 'फ्लॅग अतिशय वाढवा.' अतिशय म्हणजे किती? अडाण्यांना आकड्यांत बोलता येत नाही. मी पाचाचे पन्नास केले. श्रद्धाने "अण्णा वाढवा म्हनलेत न्हवं? मग झालं" म्हणत न बघताच मंजूर केलं. अशांच्या हाती कंपनी.

सोमवार, १० नोव्हेंबर
श्रद्धा नाही. अण्णा नाहीत. दांडी मारण्यात दोघं हुशार.

अण्णांची पलूसला गेलेली जीप फाटकात उभी राहिली. चालवणारा नव्हता. दार मात्र उघडलं आणि लागलं.

चहाचे चार कप. माझा सोडून तिन्ही रिकामे झाले. माझ्या डोळ्यांदेखत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
श्रद्धाला फोन लावला. तिच्याच टेबलावर वाजला. मग तिच्या पडद्यावर अक्षरं उमटू लागली —

"सर, अतिशय नाव हाय. अण्णांचा पुतण्या. फ्लॅग त्यानंच लिवला, पयला सोतावर लावला. तवापास्नं दिसंना. अण्णांनी त्यो वाढवा म्हंजे बंद"

तिथेच थांबली. पुढे एक अक्षर नाही.

वाढवा म्हणजे — पहिल्याच दिवशी मी हसलो होतो.

आकडा शून्य केला. मंजुरी द्यायला दुसरा माणूस हवा. तिचं नाव यादीत उरलेलं नाही. अण्णांचंही नाही. जी तोंडं नको होती, त्यांच्यासाठी आता डोळे फाडून बसलोय. मला भीती वाटते.

कंपनीच्या सगळ्या खात्यांवर मंजुरीची विनंती पाठवली. तो शब्द लिहायची छाती नाही. त्यांच्याच रीतीने लिहिलं, हात जोडून — 'अतिशय वाढवा.'

बुधवार, १२
मंजुरी आली! सुटलो —

मंजूर करणाऱ्याचं नाव — अतिशय.

खाली टीप. "तुमच्या म्हनन्यापरमानं. अतिशय वाढवलं."

आकडा — शंभर.

शेजारची खुर्ची सरकली. अण्णा — श्रद्धा — कुणी तरी — लिहिणारा हात मला दि