बर्फाच्या पेटीतला हिरवा साप

प्रिय आई,

पत्राला उशीर झाला. आता पेन सापडत नव्हतं वगैरे सांगितलं तर तू हसशील. पेन होतं, कागद होता, आणि वेळ तर इथे ओहोटीच्या चिखलासारखा पसरलेला असतो. धाडस होत नव्हतं. तू विचारलंस, 'सरांना लग्नासाठी हो म्हणू का? तू रोज त्यांच्याबरोबर असतोस, खरं काय ते सांग.' एवढा सरळ प्रश्न. मी 'हो म्हण' लिहून फाडलं, 'नको म्हणू' लिहूनही फाडलं. तुला वाटायचं, कार्ट्याला आईचं दुसरं लग्न पचत नाही. तसं नाहीये हं. 'या वयात शोभतं का' म्हणून मामानं तुझ्याशी बोलणं टाकलं, तेव्हा फोनवर त्याला वाट्टेल ते कोण बोललं? मीच. बिचारा मामा. अजून मिशांना कलप लावतो का गं तो? मागे कानालाही लागला होता आणि तो तसाच बँकेत जाऊन आला. जाऊ दे, मी भलतीकडेच चाललो.

इथलं सांगतो. 'पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे फोटो काढायला मदत' असं मी तुला कळवलं होतं ना, ते ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात मी सकाळी उठून कोंबडीची आतडी कापतो. बादली भरून. ती खाडीच्या काठाला खारफुटीच्या मुळांत, ठरलेल्या जागी टाकायची, मग होडी जरा लांब नेऊन इंजिन बंद करायचं आणि गप्प बसायचं. घोरपड येते. पूर्वी म्हणे माणसाची चाहूल लागली की ती पसार व्हायची. आता इंजिनाचा आवाज ऐकला की जीभ लपलप करत ताटावर हजर. सरांच्या होडीतले, पैसे भरून आलेले पाहुणे, एकेकाच्या गळ्यात तोफेएवढी लेन्स, कुजबुजतात, 'काय नशीब आपलं!' त्यांचं नशीब माझ्या नखांत अडकलेलं असतं, आई. साबणानं हात सोलून निघाले तरी वास जात नाही. मी हल्ली चमच्यानं जेवतो, हातानं घास तोंडाशी नेववत नाही.

तू वर्गात लावलास तो खंड्याचा फोटो, पाण्यात सूर मारतानाचा, त्या पाण्याखाली काचेची टाकी बुडवलेली होती. टाकीत मासे. शेपट्या कातरलेले, म्हणजे कुठे जायला नकोत. पोरांना तू त्यावर निबंध लिहायला दिलास म्हणे. आणि गेल्या महिन्यात एका घरट्यावर उजेड नीट पडेना, तर सरांनी भोवतीच्या फांद्या छाटायला लावल्या. उजेड पडला, पिल्लांचे फोटो झाले, पाहुणे खूश. घरटं मग कावळ्यांनाही दिसलं. दुसऱ्या दिवशी तिथे काय उरलं होतं ते लिहीत नाही, तू जेवायला बसायची असशील.

आमचा नावाडी पाठीमागे सरांना 'बगळा' म्हणतो. तू आली होतीस तेव्हा हे ऐकून तुला केवढं कौतुक वाटलं होतं. पांढरा शर्ट, एका जागी तासन्‌तास उभं राहणं, म्हणून बगळा. मीही हसलो होतो. नावाड्याच्या डोक्यात बगळ्याचं ध्यान होतं, मासा टप्प्यात येईपर्यंतचं. पण तुला काय दिसलं ते मला कळतं गं. बाबा रस्त्यानं कायम चार पावलं पुढे. तू मागून भाजीची पिशवी सावरत, आणि ते वळून 'चल गं लवकर' म्हणत. घास गिळायच्या आधी उठायचे, आणि गेलेसुद्धा तसेच, घाईत. इथे धक्क्यावर तुझ्या चपलेत खडा गेला, तर हा माणूस थांबला. तू खडा काढलास, पट्टा लावलास, उगाच पदरही सारखा केलास, तरी तो पाण्याकडे बघत उभाच होता. तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. मलाही तो माणूस आवडला होता, आई, खोटं कशाला सांगू.

आता तो हिरव्या सापाचा फोटो. सरांनी तुला फ्रेम करून पाठवला, खाली 'ज्याला थांबता येतं त्याला निसर्ग सगळं दाखवतो' असं लिहून. तू लिहिलंस, 'किती निवांत बसलाय, मी रोज सकाळी त्याच्याकडे बघूनच कामाला लागते.' त्या दिवशी उकाडा होता. सरबताची बाटली घ्यायला मी बर्फाची पेटी उघडली, तर बाटल्यांच्या खाली एक कापडी पिशवी, गाठ मारलेली. मला वाटलं कुणाचा डबा. उचलली, तर आतलं काहीतरी हळूच वळलं. साप गार पडला की हलत नाही, फांदीवर ठेवला की ठेवाल तसा बसतो. हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त पाहुणे उशिरा आले. ओहोटीमुळे होडी अडकली आणि पिशवी पेटीतच राहिली. काढला तेव्हा तो मेला होता. मी म्हटलं, सर, गेला हा. तर ते म्हणाले, 'सापाला पापण्या नसतात बाळा, डोळे उघडेच राहतात. कुणाला कळतंय?' फांदीवर दोन वेटोळी घातली, मान बोटानं वळवली, फवारणीच्या बाटलीनं दवाचे थेंब मारले. पाहुण्यांना ओठांवर बोट ठेवून म्हणाले, 'आवाज करू नका, बिथरेल.' आणि सगळे श्वास रोखून बसले! एक बाई तर रडल्या, किती सुंदर म्हणून. मी होडीच्या मागच्या बाजूला पळालो आणि ओकलो. नावाडी म्हणाला, 'उन्हानं होतं.' ऊन कसलं डोंबलाचं. तुझ्या टेबलावर ते मढं आहे, आई.

एवढं होऊनही मी लिहिणार नव्हतो. धंदा घाणेरडा म्हणून माणूस घरात वाईटच असेल असं नाही, अशी मी माझी समजूत घालत होतो. कसाईसुद्धा बायकोला जीव लावतो. पण काल एका जुन्या पाहुण्यानं सरांना विचारलं, 'ऐकलं ते खरं का? या वयात बाईमाणूस कसं काय पटवलंत हो?' मी पलीकडे लेन्स पुसत होतो, मी म्हणजे तिथल्या खुर्चीसारखाच. सर हसले. म्हणाले, 'सोपं असतं. खाऊ ठेवायचा, इंजिन बंद करायचं, आपण हलायचं नाही. भुकेलेली असली की आपणहून जवळ येतात.' दोघं पोट धरून हसले. आई, मला ती बादली आठवली. त्या खड्यासाठी तो थांबला होता तेव्हा तो हेच करत होता. म्हणून हे पत्र. त्याला नाही म्हण. पण लग्नाला नाही म्हणू नकोस, कळलं का? मामा म्हणेल, 'बघ, मी सांगत नव्हतो?' आणि तू पुन्हा स्वतःला घरात कोंडून घेशील, असं अजिबात करायचं नाही. कुणी थांबावं असं तुला वाटलं, त्यात तुझं काही चुकलेलं नाही. चूक त्या बगळ्याची.

पाकीट शोधायला उठलो तर खाली होडी लागली. आई, मामा आलाय. खरंच. इस्त्रीचा शर्ट, काळ्याकुट्ट मिशा, काखेत मिठाईचा खोका. मला खिडकीत बघून धक्क्यावरूनच ओरडला, 'भिंग्या, उतर खाली! कुठे आहेत आमचे होणारे मेहुणे? तू फोनवर झापलंस ते पटलं मला. ताईला सांगू नकोस, मी होकार द्यायला आलोय.' आणि सर त्याला हात देऊन उतरवतायत, अगदी सावकाश, अजिबात घाई न करता. मी खाली जातो.

तुझाच, या वेळी कुठेही न पळणारा,
भिंग्या