वॉर्निश मारलेले भोपळे

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला असेल, किंवा त्यांनीच अजून त्याला सोडलं नसेल. इकडे आम्ही खुशाल आहोत (पत्राच्या सुरुवातीला हे लिहायचंच असतं, म्हणून लिहिलं).

गारपिटीनंतर शेतात फक्त चाळीस भोपळे उरले होते, हे तुला कळवलंच होतं. दर गुरुवारी गरजूंना फुकट शिधा देणारं केंद्र आहे ना, त्याच्या बैठकीत अध्यक्षीणबाईंनी विचारलं, यंदा कोण काय देणार? सगळे शेतकरी आपापले बूट बघत बसले. माझी मान तेवढी वर (आपल्या घराण्याचा दोष, तू जाणतेसच). 'दहा' म्हणायला तोंड उघडलं आणि 'सगळे' बाहेर पडलं. टाळ्या झाल्या. तुझ्या भावजयीने वाजवल्या नाहीत. घरी येताना ती एवढंच म्हणाली, की थंडीभर आपण काय खायचं ते अध्यक्षीणबाईंना विचारून ठेवायचं होतं.

भोपळे गुरुवारी वाटायचे होते, पण त्याआधी रविवारी सुगीचा सोहळा होता. तेवढा एक दिवस ते व्यासपीठावर मांडू, शोभा येईल, असं ठरलं आणि सजावट निवृत्त सुताराकडे दिली. माणूस सोन्यासारखा, पण चकाकत नसलेली वस्तू त्याला बघवत नाही. केंद्राची बाकं, फडताळं, सगळ्यांना त्यानेच वॉर्निश केलंय. त्याने चाळीसही भोपळ्यांना दोन-दोन हात मारले (देठांना तीन). सोहळ्यात फोटोवाला त्यांच्यात बघून भांग पाडत होता. भूक या विषयावर दोन तास भाषणं झाली, मग वक्ते जेवायला गेले. माझा सत्कार झाला, फोटो काढला (प्रमाणपत्र गुरुवारी देऊ म्हणाले).

गुरुवारी रांग लागली. अध्यक्षीणबाईंनी भोपळ्याचा वास घेतला आणि जाहीर केलं, हे कुणी खायचे नाहीत, उद्या काही झालं तर आमच्यावर येईल. रांगेत पहिली एक शिवणकाम करणारी बाई होती. तिने भोपळा नखाने खरवडून पाहिला.

"साल जाड काढली तर चालेल की," ती म्हणाली. "पोरांना भूक लागलीय, चकाकी नकोय त्यांना."

अध्यक्षीणबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. मी तिथेच उभा होतो, ताई, प्रमाणपत्र काखेत धरून, आणि एक शब्द बोललो नाही. त्याची फार लाज वाटते. केंद्रामागे खड्डा खणून सगळे भोपळे पुरले. सुतार रडत होता. पुढच्या वर्षी सजावटीला लाकडी भोपळे करावेत, असा ठराव झाला, तेव्हा डोळे पुसून तो मापं घ्यायला लागला.

तुझा,
धाकटा

ता. क. : पुरले ते चाळीस नव्हते, एकोणचाळीस होते. एक मी पिशवीत घालून घरी आणला. साल जाड काढली. त्या बाईचं बरोबर होतं, कुणाचं पोट दुखलं नाही. अर्धा तिला द्यायला हवा होता. दिला नाही.

आणखी एक : पुढच्या गुरुवारी तू इकडे ये. सकाळी नऊला रांग लागते. नाव कुणी विचारत नाही, पिशवी मात्र आपली लागते. मीच गेलो असतो, पण केंद्राच्या दारावर 'आमचे दाते' म्हणून माझा फोटो डकवलाय आणि रांग त्याच्यासमोरूनच आत जाते. काढायला गेलो होतो. सुताराने त्याच्यावरही दोन हात मारलेत, निघत नाही.