फ्रिजवरच्या दोन याद्या

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली तो कागदावरच घालता येतो, गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचं कानाचं यंत्र सापडलं का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं तर फोनच करणार होतो, पण मी फोन हातात घेतला की सूनबाईंना नेमक्या त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालायच्या असतात. पाकिटाला डिंक लावून वर चिकटपट्टीही मारणार आहे. ती सुटलेली दिसली तर कळव.

विषय आमच्या ठोंब्याचा आहे. तोच कुत्रा, जो परवाच्या बुधवारी तू आलीस तेव्हा तुझी चप्पल घेऊन बसला होता. आमच्या फ्रिजवर दोन याद्या लावलेल्या आहेत. डावी ठोंब्याची. सफरचंद चालेल, बिया आणि मधला भाग काढून. कलिंगड चालेल, बिया आणि साल काढून. केळं, दोन चकत्या. द्राक्षं आणि बेदाणे एकसुद्धा नाही, कारण त्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उजवी यादी माझी. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी सांगितली असं सूनबाई म्हणतात (अक्षर मात्र त्यांचंच आहे). तिच्यात केळं नाही, कलिंगड नाही, द्राक्षं नाहीत, आणि ‘चालेल’ या शब्दापुढे काकडी. ताई, ज्या घरात कुत्र्याला बिया काढून कलिंगड मिळतं आणि सासऱ्याला काकडी, त्या घरात आपल्यामागे काहीतरी शिजतंय असं मला पहिल्यापासून वाटत आलं आहे.

तर त्या बुधवारी सूनबाई तुला दारापर्यंत सोडून परत आल्या आणि बघतात तो टेबलावरचा द्राक्षांचा वाडगा रिकामा! खाली ठोंब्या जीभ फिरवत बसलेला. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मला विचारलं, “बाबा, तुम्ही खाल्लीत का?” मी म्हटलं, “मी? उजवी यादी तूच लिहिलीस ना?” (नीट बघ, यात मी खोटं काहीच बोललेलो नाही.) मग कुत्र्याला उचलून आम्ही प्राण्यांच्या दवाखान्यात.

तीस वर्षं मी रेल्वेत तिकीट तपासनीस होतो, हे तुला सांगायला नको. बिनतिकिटाचा माणूस मी डब्यात शिरताक्षणी ओळखायचो. तो खिडकीबाहेर बघतो. त्या नजरेने मी सगळ्यांना तपासलं. मुलगा कामावर होता म्हणे, पण द्राक्षं त्यालाही आवडतात. प्राण्यांच्या डॉक्टरचा तर मला भयंकर संशय आला. त्याने सुई टोचून ठोंब्याला उलटी करवली. बाहेर काय आलं? माझ्या मोज्याची टाच, सफरचंदाच्या दोन फोडी आणि एक रबरबँड. द्राक्ष एकही नाही. तरी हा पठ्ठ्या म्हणतो, धोका नको, सलाईन लावू. आणि टेबलावर आडवा पडलेला ठोंब्या सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. एकदाही खिडकीकडे नाही.

तो आता खडखडीत बरा आहे. पण तेव्हापासून जेवायच्या वेळी त्याला टेबलाजवळ बंदी आहे. मधलं दार लावून घेतात आणि तो पलीकडून नखाने ओरखडत बसतो. ताई, मला घास जात नाही. तुझी वहिनी गेल्यापासून जेवताना माझ्या पायावर हनुवटी टेकवून बसणारं या घरात दुसरं कोणी नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. त्या बुधवारी तू घरात होतीस. सूनबाईंना एक फोन कर आणि ‘गप्पांच्या नादात द्राक्षं मीच संपवली’ एवढंच म्हण. तुला साखर नाही, तुला यादी नाही, तुझं काय जातंय? त्या बिचाऱ्याची सुटका होईल.

ता. क. २. होय, मीच खाल्ली. तुम्हा दोघींचा दारातला निरोप अर्धा तास चालतो, मला दहा मिनिटं पुरली. सुई टोचताना तो कळवळला तेव्हा सांगणार होतो. जीभच उचलली नाही. त्याची मला फार लाज वाटते.

ता. क. ३. फोन करू नकोस. चिकटपट्टी मागायला गेलो तर पाकिटावर तुझं नाव बघून सूनबाई म्हणाल्या, “आत्यांना कशाला मध्ये घालताय, बाबा? मला दवाखान्यातच कळलं होतं. डॉक्टर सुई टोचत होते आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. म्हणून तर सलाईन लावू दिलं नाही मी. दार लावत होते ते तुम्ही आपणहून बोलावं म्हणून.” मी मान खाली घालून माफी मागितली, आधी त्यांची, मग ठोंब्याची. दार आता उघडं आहे आणि हे लिहिताना तो माझ्या पायावर हनुवटी ठेवून घोरतो आहे. उजवी यादी सूनबाईंनी काढून टाकली. यापुढे डावीच दोघांना लागू. केळ्याच्या त्या दोन चकत्या प्रत्येकी की दोघांत मिळून, हे मात्र त्यांनी मुद्दामच लिहिलेलं नाही.