बोट खटक्यामागे

४ फेब्रुवारी, मंगळवार

आली एकदाची! वस्तू म्हणजे केवढी, मुठीत मावेल एवढी. मनगटाला बांधायचा पट्टा, त्याच्या पुढे छोटा चिमटा आणि चिमट्याला खटका. धनुष्याची दोरी बोटांनी धरायचीच नाही, चिमट्याने पकडून ओढायची. नेम धरून झाला की खटका दाबायचा. तिरंदाजीच्या मैदानावर सगळे या अख्ख्या वस्तूला रिलीज म्हणतात. मी आपला खटकाच म्हणणार.

हिच्या बोटांपायी ही सगळी खटपट. शिलाईच्या कारखान्यात अर्धं आयुष्य गेलं, आता बोटांना मुंग्या येतात, दोरी हातातून निसटते. लेकीचं लग्न झाल्यावर घर खायला उठलं तेव्हा हिने धनुष्य हाती धरलं होतं. गेल्या महिन्यात ते कापडात गुंडाळून कपाटावर ठेवून दिलं. तक्रार नाही, रडणं नाही — पण जेवताना बोलायची बंद झाली. ते मला सोसवेना.

तिरंदाजी शिकवणारे सर म्हणाले, "बाई, सोडू नका. बोटांचं काम यंत्राला देऊ." यंत्र म्हटल्यावर ही माझ्याकडे वळली. "घ्या! तुमच्याच घराण्यातलं निघालं." मी शिलाई यंत्रं दुरुस्त करतो ना!

रात्री मात्र म्हणाली, "याने नाही जमलं तर ठेवून देईन हं. मग आग्रह करायचा नाही."

६ फेब्रुवारी, गुरुवार

मैदानावर पहिला धडा. मी बाकावर बसून ऐकत होतो. सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोटवून घेत होते — दोरी ओढताना बोट खटक्यावर नाही, खटक्यामागे. हात हनुवटीशी टेकला, नेम धरला, मगच बोट पुढे. आणि ओढताना बाणाचं टोक समोरच्या लक्ष्याकडेच. "आभाळाकडे नाही, शेजाऱ्याकडे नाही."

"आणि यांच्याकडे?" हिने माझ्याकडे मान वळवून विचारलं.

"ते घरी ठरवा," सर म्हणाले.

बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही हेही सांगितलं. धनुष्य मोडतं म्हणे, माणसालाही इजा होते.

बोट मागे ठेवायचं — मला हे फार आवडलं. वेळ येईपर्यंत स्वतःला आवरून धरायचं. रोज सकाळी देवापुढे बसतो तेव्हा मनाला एवढंच तर सांगत असतो. ऐकतंय कुठे!

९ फेब्रुवारी, रविवार

घरी सराव. सरांनी जाड दोरीचा फास करून दिला आहे. एक टोक डाव्या मुठीत धरायचं, दुसऱ्याला चिमटा लावायचा, ओढायचं, सोडायचं. ना धनुष्य, ना बाण. मी समोर बसून बघत होतो. दोरी सुटली ती थेट माझ्या नाकावर! ही हसता हसता खाली बसली. किती दिवसांनी असं हसली. नाक गेलं तरी चालेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खटका करकरत होता. दोन थेंब तेल घातलं. हिला सांगितलं नाही. हलका चालला की कळेलच तिला, कुणाचा हात फिरलाय ते!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कसं लिहू. आज दोरी अर्धी ओढली आणि खटका सुटला. हिचीच मूठ हिच्या तोंडावर बसली. ओठ फाटला. बाण समोर रोखलेला होता म्हणून जमिनीत घुसला, कुणाला काही झालं नाही. देवानेच राखलं.

सरांनी खटका हातात घेतला, वास घेतला. "तेल कुणी घातलं?"

मी हात वर केला. शाळेत चूक झाल्यावर करायचो तसा.

"यात तेल घालत नाहीत हो. धूळ धरतो, मग कधी अडकेल, कधी सुटेल, भरवसा नाही."

हिच्या पदराला रक्त. वाटेत माझ्या पुढे पुढे चालत राहिली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ओठ चांगलाच सुजलाय. सारखा बघतोय म्हणून म्हणाली, "काय बघता? नवी नवरी आहे का मी?"

१६ फेब्रुवारी, रविवार

खटका खोलून, धुऊन, कोरडा करून सरांना दिला. त्यांनी स्क्रू थोडा आवळला आणि दोरीच्या फासावर कितीतरी वेळा ओढून बघितला. एकदाही आपोआप सुटला नाही.

"तेलाने झालं असेल, नाहीतर बोट आधी पुढे गेलं असेल. मी तेव्हा दुसरीकडे बघत होतो," सर म्हणाले. "बाई, बोट मागेच होतं ना?"

"होतं," ही म्हणाली.

म्हणजे तेलच. म्हणजे मीच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा उभी राहिली! बाण चांगले लागतायत. पण दोरी ओढायच्या आधी दर वेळी मान खाली घालून आपलं बोट बघते. सर ओरडतात, "बाई, नजर समोर!" ही "हो सर" म्हणते आणि पुन्हा खाली बघते. माझ्या दोन थेंबांनी हिच्या मनात भीती घातली. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणते, "बाबा, तुम्हाला सोडलं तर तुम्ही पंख्याच्या वाऱ्यालाही तेल घालाल!" ती हसली, मीही हसलो. पण तेलाच्या कुपीला आठ दिवस हात लावलेला नाही. कामावर आज दुसऱ्याची मागून घेतली.

रविवारी मैदानावर सगळ्यांची एकत्र नेमबाजी आहे. खांद्याला खांदा लावून रांगेत उभं राहायचं. हिनेही नाव दिलंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी चहासुद्धा ठेवला नव्हता. ही सुयांची डबी घेऊन माझ्यासमोर बसली आणि उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं, खटका दाबायचं बोट पुढे केलं. "टोचा."

मी सुई हलकेच टोचली.

"अहो, टोचा की!"

टोचून झाली होती. रक्ताचा थेंब वर आला, तो दिसला तेव्हा तिला कळलं.

"तेलाचा दोष नव्हता हो. बोट मागे आहे की खटक्यावर, हे मला बघावं लागतं. त्या दिवशी बघितलं नाही. सांगितलं असतं तर सगळं बंद झालं असतं. म्हणून गप्प बसले. पण तुम्ही असे तोंड पाडून फिरता... आणि उद्या माझ्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहणार."

तिचा हात सोडवेना. सरांच्या पेटीत अंगठ्याने दाबायचाही एक खटका आहे. तिचा अंगठा धरला आणि न सांगताच सुई टोचली.

"आई गं!"

एवढ्या मोठ्यांदा ओरडली की शेजारच्यांनी दार ठोठावलं. देवा, तुझे उपकार.