बोटभर फट

२ जून
आलो एकदाचे! डोंगराच्या कुशीतलं जुनं लाकडी घर, मागे सफरचंदाची चार झाडं, होबार्ट शहर तासाभरावर. माझी सात वर्षांची लेक पिप तिच्या पोपटाचा पिंजरा घेऊन खोल्याखोल्यांतून हुंदडली आणि तिला एकदाही धाप लागली नाही. तिच्या दम्यापायीच तर हा सगळा खटाटोप. या घरात तिच्या नाकात विषाचा कणही जाऊ द्यायचा नाही, असं मी पक्कं ठरवलंय.

५ जून
जुना गालिचा फेकला. सुगंधी मेणबत्त्या, फवारे, ब्लीच, सगळं बाद. आता फरशी खायच्या सोड्याने आणि व्हिनेगरने पुसते. बैठकीतल्या गॅसच्या हीटरवर एक विटकं प्लॅस्टिकचं लेबल होतं, तापलं की वास मारायचं. न वाचताच खरवडून काढलं आणि 'शत्रू नंबर नऊ' म्हणून या वहीच्या शेवटच्या पानावरच्या यादीत डकवलं. शेजारच्या डल्सीबाई हसत सुटल्या. म्हणाल्या, अगं पोरी, आता घराला न्हाऊमाखू घालायचंच काय ते बाकी ठेवलंयस!

९ जून
इथे जून म्हणजे ऐन हिवाळा; ऊन कललं की घरोघरी लाकडाच्या शेगड्या पेटतात आणि दरीत धूर साचतो. पिप खोकून खोकून बेजार. भिंतींत वर जाळीचे झरोके आहेत, तिथूनच येतो मेला. सगळे चिकटपट्टीने बंद केले, खिडक्यांच्या फटीसुद्धा. डल्सीबाईंनी कुंपणावरून बजावलं की हिवाळ्यात एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची असते बाई, थंडी वाजली तर आणखी एक स्वेटर चढव. का, ते मी विचारलं नाही. यांना धुराची सवयच झालीय, एवढंच मनात आलं.

१४ जून
पाऊस थांबायचं नाव नाही. हीटर दिवसभर चालू. पिपचा खोकला गेला! गाल कसे छान गुलाबी दिसतात. माझं मात्र डोकं ठणकतंय, आणि एका जागी बसवत नाही. पिपचा पोपट सकाळपासून गप्प आहे.

१७ जून
पोपट मेला. पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. पिप रडली, मग रडता रडताच झोपली.
या घरात अजून काहीतरी विषारी आहे. रंग? कपाटाचं पॉलिश? कपाट अंगणात ओढलं तेव्हा डोकं एकदम हलकं झालं. आत आले, पुन्हा ठणका. म्हणजे बाहेरचा धूर अजून कुठूनतरी आत शिरून साचत असणार. दाराखाली पट्टी लावली. खिडक्यांवर आणखी दोन थर.

१९ जून
उलट्या. भिंतीत कुणीतरी चालतंय. पिपलाही ऐकू येतं म्हणे. डल्सीबाई लेकीकडे गेल्यात, विचारू कुणाला? मला भीती वाटतेय. पिप दुपारीही झोपूनच —

२० जून, दुपार
शत्रूंची यादी पुन्हा बघायला शेवटचं पान उघडलं. नंबर नऊ. अक्षरं नाचतात —
'विषारी वायू साचतो. हीटर चालू असताना खिडकी उघडी ठेवा.'
हीटर.
मीच. सगळ्या फटी मीच —
बंद केला. पण पिप उठत नाही. हाका मारते. गुलाबी, किती गुलाबी —
दारापर्यंत जायला पाय उचलत नाहीत. पट्टी निघत नाही, तीन थर, नखं तुटली —
कोपरा सुटतोय. बोटभर, म्हणाल्या होत्या. नुसतं बोटभ